निळ्या टिकल्या

नीरजा धारूरकरला बोलता येत नव्हतं असं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक पोरीला मुखदुर्बळ ठरवायचे. शाळेत तिनं वक्तृत्वाचे कप आणले होते, कॉलेजात स्नेहसंमेलनाचं निवेदन केलं होतं. गेल्याच महिन्यात मुंबईच्या देणगीदार मंडळींसमोर ऑनलाइन असं काही प्रेझेंटेशन ठोकलं होतं, की शेवटी त्यांनी आपापल्या चौकोनात बसून टाळ्या वाजवल्या. तिथंच घात झाला. ज्याला टाळ्या पडल्या ते प्रेझेंटेशन बदलायला कुणाचा हात धजतो?

नीरजाची संस्था चिकलठाण्याला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. काम सरळ होतं. पिशोरकडचे धनगर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला निघतात. फुलंब्रीवरून, चिकलठाण्याच्या बाजूनं, करमाडवरून खाली. या वाटेवरच्या पाण्याच्या जुन्या जागा शहरानं गिळल्या होत्या. जिथं ओढा होता तिथं आता कमान उभी होती, कमानीवर नगराचं नाव आणि आत प्लॉटांचे दगड. म्हणून संस्थेनं वाटेवर पाणवठे बांधायला घेतले. सिमेंटचे लांबट हौद, आठवड्यातून दोनदा टँकरनं भरायचे. अकरा ठरले होते. चार झाले, सात कागदावर राहिले. नकाशात झालेल्यांना हिरव्या टिकल्या आणि व्हायच्या होत्या त्यांना निळ्या. निळ्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘नियोजित’.

ते चोवीस साल. आदल्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि चैत्रातच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. मेंढपाळांना एवढंच सांगायचं होतं, की बाबांनो, या चार जागी पाणी आहे, बाकीच्या सात जागी नाही, तिकडं जाऊ नका. चार मिनिटांचं काम. पण त्या चार मिनिटांवर दीड हजार मेंढरांचा जीव होता.

“मी पिशोरला जाऊन येते,” नीरजा म्हणाली होती. खोटं कशाला बोला, म्हणाली होती.

“अख्खा दिवस मोडेल तुझा,” तिचे वरिष्ठ शंतनू सर म्हणाले. “ग्रामपंचायतीत टीव्ही आहे, नेट आहे. ऑनलाइन उरकून टाक. प्रेझेंटेशन तर तयारच आहे.”

तयार होतं ते मुंबईचं. अडतीस स्लाइडांचं. नीरजानं पहिल्या स्लाइडवरची तारीख बदलली आणि झाली तयारी.

मीटिंगच्या दिवशी ती ऑफिसलाही गेली नाही. नळाला पाणी यायची पाळी होती, दहाव्या दिवसाची. शहरातल्या एन-आठ वसाहतीतल्या त्या घरात दोघीच, नीरजा आणि तिची आई यमुनाबाई. यमुनाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे ड्रम, टाकी, हंडे, बादल्या, सगळं नीरजाच्या गळ्यात. तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल ओढलं, पाइप ड्रममध्ये सोडून ठेवला, वर कोसाचा कुर्ता, खाली घरातलाच पायजमा, आणि अकरा वाजता मीटिंग सुरू केली.

“नमस्कार, माझा आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?”

तिकडं पिशोरला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सुकेशनी होती. तिथली कॉम्प्युटरवाली मुलगी, चटपटीत. तिनं टीव्ही लावला होता, सतरंज्या टाकल्या होत्या, माणसं गोळा केली होती. पन्नासेक जण असतील. पटके, नऊवारी लुगडी, दोन तान्ही पोरं, आणि दाराशी कुणाचं तरी आजारी कोकरू, जे आईपासून तोडल्यामुळं गळा काढून ओरडत होतं. वर पंखा खडखडत होता. हा सगळा कालवा नीरजाच्या कानात शिरला आणि तिचं पहिलंच वाक्य अडखळलं. तिनं काय करावं? तिकडचा आवाज बंद केला. नुसता बंद नाही, त्यांना तो परत चालू करता येऊ नये अशी कळ दाबली. मुंबईच्या मीटिंगला शंतनू सरांनीच शिकवलं होतं, शिस्त राहते म्हणून.

मग जे सुरू झालं त्याला बोलणं म्हणणं कठीण आहे. ती स्लाइड वाचत होती. संस्थेची स्थापना. संस्थेचे विश्वस्त. “हितधारकांच्या सक्रिय सहभागातून जलसुरक्षेची शाश्वत व्यवस्था.” पर्जन्यमानाचे उभे खांब. समोरची माणसं तिला कोपऱ्यातल्या काडेपेटीएवढ्या चौकोनात दिसत होती, म्हणजे नुसते पटकेच दिसत होते, कारण कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर बसवलेला. मधे पिशोरची वीज गेली. नीरजा सहा मिनिटं भिंतीशी बोलत होती आणि तिला पत्ता नाही! वीज आली तेव्हा बाई विसाव्या स्लाइडवर पोचल्या होत्या.

बाविसावी स्लाइड नकाशाची. इथं मात्र हॉलमध्ये हालचाल झाली. जांभया देणारी माणसं सरसावून बसली. नकाशात त्यांची वाट होती, फुलंब्री होती, करमाड होतं. “हिरवे कार्यान्वित, निळे नियोजित,” नीरजानं वाचलं आणि ती पुढं सरकली. सगळ्या मीटिंगमधलं कामाचं वाक्य तेवढंच.

चौतिसाव्या स्लाइडला नळानं वारा सोडला. फस्स, फस्स. पाणी येण्याआधीचा तो आवाज या शहरात झोपेतलं माणूससुद्धा ओळखतं. आता तासभर, जास्तीत जास्त. नीरजानं चार स्लाइड एका दमात उलटल्या.

“तर, काही शंका?”

चार सेकंद थांबली. तिकडून आवाज नाही. येणार कुठून? त्या चौकोनात हिरव्या लुगड्यातली एक बाई उठली, टीव्हीजवळ आली, काहीतरी बोलत हात वर करून हलवू लागली. आभार मानतेय, नीरजाला वाटलं. बरं वाटलं तिला. तेवढ्यात आतून यमुनाबाई ओरडल्या, “आलं का गं पाणी? बघ की जरा!”

नीरजानं वळून पाहिलं. पाइपातून ड्रममध्ये धार पडत होती.

“हो, आलंय! आलंय पाणी, आलंय!” ती म्हणाली, स्क्रीनकडं पाहून हसली, हात जोडले, मान हलवली आणि मीटिंग बंद करून ड्रमकडं धावली.

संध्याकाळी तिनं शंतनू सरांना कळवलं, मीटिंग छान झाली, एक महिला तर स्वतः उठून आभार मानायला आल्या. सरांनी अंगठा पाठवला.

बाराव्या दिवशी दुपारी साडेबाराला सुकेशनीचा फोन आला.

“मॅडम, मुंजाबा काकांचा फोन होता. पाच नंबरच्या पाणवठ्यावर पोचलेत कालच. म्हणतात, इथं हौदच नाही.”

“पाच नंबर? पाच नियोजित आहे. तिकडं कशाला गेले ते?”

“मॅडम, तुम्हीच तर सांगितलं ना.”

हेल्मेट विसरून ती स्कूटीवर बसली. पाच नंबर ऑफिसपासून सात किलोमीटर, विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला. ऊन असं की डांबर मऊ पडलं होतं. नव्या कंपाउंडच्या भिंतींमधून वाट काढत ती माळावर पोचली, तर आधी संस्थेचा फलक दिसला. दोन बांबूंवर ताणलेला, देणगीदारांची पाच बोधचिन्हं, ‘नियोजित पाणवठा क्र. ५’. त्याच्या पायाशी चुन्याच्या फक्कीनं आखलेला लांबट चौकोन. आणि चौकोनाभोवती दोनशे मेंढरं, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून, गप. एवढी मेंढरं आणि एक आवाज नाही, हे तिला ऐकवेना.

मुंजाबा साठीचा माणूस. फलकाच्या सावलीत उकिडवा बसला होता. त्याची बायको बानाबाई दोन कोकरांच्या तोंडात ओल्या फडक्याचं टोक पिळत होती. हिरवं लुगडं. नीरजानं तिला लगेच ओळखलं.

“मावशी, मी नीरजा. संस्थेची.”

बानाबाईनं तिला खालीवर पाहिलं. “टीव्हीवरची व्हय? काय गं बाई, आमी काय वाकडं केलं व्हतं तुजं?”

“मावशी, मी सांगितलं होतं, निळे ते नियोजित आहेत.”

“व्हय, सांगितलं व्हतं की,” मुंजाबा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “नियोजित हाय म्हनून तर आलो. आमच्या पुतनीच्या लग्नात पत्रिकेवर काय छापलं व्हतं? भोजनाचं नियोजन केलं हाय. जेवलो की आमी. नियोजन हाय म्हंजी सोय हाय. आमाला असंच ठावं.”

नीरजाला तोंडात मारल्यासारखं झालं. ऑफिसात ‘नियोजित’ म्हणजे अजून नाही. आणि अख्ख्या मुलखात नियोजन म्हणजे पान वाढून तयार. हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही, तिच्या मावसभावाच्या मुंजीच्या पत्रिकेतही तेच छापलं होतं.

“तरी मी इचारलं,” बानाबाई म्हणाली. “हे म्हनले, चल. मी म्हनलं, नाय, बाईला एकडाव इचारू. उठले, टीव्हीपाशी गेले, नकाशा गेला व्हता, पर त्या निळ्या टिकल्या जितं व्हत्या तितं बोट ठिवलं, म्हनलं, बाई, हितं पानी आलंय का? आत्ता आलंय का? हात हालवून हालवून इचारलं. तू काय म्हनली?”

नीरजाला काही आठवेना. आणि मग एकदम आठवलं. ड्रम, पाइप, आईची हाक.

“तू म्हनली, हो, आलंय. आलंय पानी, आलंय. तीन डाव म्हनली. हासली वर. पन्नास मानसायनं ऐकलं.”

“मावशी, मला तुमचा आवाज येत नव्हता. मी बंद केला होता.”

“कशापाई?”

काय सांगणार? कोकरू ओरडत होतं म्हणून? नीरजा फक्कीच्या रेघेवर मटकन बसली आणि रडायला लागली. बानाबाईला तिची दया आली असेलही, पण ती काही जवळ आली नाही. “रड मागून,” ती म्हणाली. “आदी पानी बघ.”

नीरजानं शंतनू सरांना फोन लावला. टँकर हवाय, आत्ता, पाच नंबरला. सर म्हणाले, टँकरला मागणीपत्र लागतं, उद्यापर्यंत बघतो. आणि म्हणाले, “नीरजा, हे लक्षात घे, आपण कुठंही चुकीचं सांगितलेलं नाही. स्लाइडवर स्पष्ट लिहिलंय.” नीरजानं उत्तर न देता फोन ठेवला. नोकरीतल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच.

माळाच्या कडेला एका इमारतीचं काम चाललं होतं. स्लॅबवर मारायच्या पाण्याची मोठी टाकी होती आणि राखणीला बद्रीनाथ नावाचा वॉचमन. नीरजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ना स्लाइड, ना हितधारक. “काका, दोनशे मेंढरं कालपासून तहानलेली आहेत. चूक माझी आहे. पाणी द्या.” बद्रीनाथनं भिंतीवरून वाकून माळाकडं पाहिलं. “साहेब चारला येतेत,” तो म्हणाला. “त्याच्या आत आटपा, और किसी को बोलना नहीं.” मुंजाबानं खळगा उकरला, बानाबाईनं ताडपत्री अंथरली, नीरजा पाइप धरून उभी राहिली. मेंढरं आधी थांबली, मग अशी तुटून पडली की तिचा कोसाचा कुर्ता छातीपर्यंत चिखलात माखला. दोन कोकरं मात्र उठली नाहीत. बानाबाईनं त्यांना फलकाच्या मागं नेऊन ठेवलं.

“बाकीचे कुठं आहेत?” नीरजानं विचारलं. खरं तर विचारायची भीती वाटत होती तिला.

कळप घेऊन निघालेल्या बाकीच्या पाच जणांना मुंजाबाच्या फोनवरून एकेक करून गाठायला घेतलं. दोघं अजून फुलंब्रीच्या अलीकडंच होते. दोघं हिरव्या टिकलीवर होते, म्हणजे पाण्यावर. नीरजा प्रत्येकाला एकच सांगत होती, “निळ्या जागांवर पाणी नाही. मी चुकीचं सांगितलं. कळलं का? परत सांगा मला.” आणि ते परत सांगेपर्यंत फोन सोडत नव्हती. राहिला कडुबा. त्याचा फोन बंद.

“नऊ नंबरला जानार व्हता,” मुंजाबा म्हणाला. “करमाडच्या अलीकडं. म्हातारं मानूस हाय, भाऊ हाय संगं.”

नऊ नंबरवर नीरजा पोचली तेव्हा चार वाजत आले होते. इथंही तोच फलक, तोच फक्कीचा चौकोन. मेंढरं बसली होती. काही आडवी होती. एक सत्तरीचा म्हातारा घोंगडीची सावली करून बसला होता, शेजारी रिकामा डबा. भाऊ कुठं दिसत नव्हता.

“राम राम बाबा. कडुबा तुम्हीच ना?”

“मीच. बस, माय. पाजायला पानी नाय बग, नाय तर दिलं असतं.”

“भाऊ कुठं गेले?”

“भांडून गेला सकाळी. त्याची पन्नास घिऊन कुंबेफळकडं. लई डोकं खाल्लं त्यानं, हितं काय नाय, चल, चल. मी म्हनलं, मी नाय हालनार. टीव्हीवरच्या बाईनं सोताच्या तोंडानं सांगितलंय, आलंय म्हनून. शिकली सवरली बाई हाय, ती कशाला खोटं बोलंल? गाडी कुठं अडकली आसंल. यील सांजच्याला.” म्हातारा तिच्याकडं पाहून समजूत घातल्यासारखं हसला. “तू कुठली, माय? प्लाट बगायला आली का?”

त्यानं तिला ओळखलं नव्हतं. टीव्हीवर ती कोपऱ्यातल्या चौकोनात बोटाएवढी दिसत होती, बाकी सगळा पडदा स्लाइडांनी भरलेला. वाटलं असतं तर ती आत्ताही पळून जाऊ शकली असती. म्हणाली असती, बाबा, कुंभेफळला हौद भरलेला आहे, तिकडं चला. चूक कुणाची, कुणाला कळलंही नसतं.

“बाबा,” नीरजा म्हणाली, “ती बाई मीच.”

कडुबानं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं पाहिलं. चिखलानं भरलेला कुर्ता, सुजलेले डोळे.

“इथं पाणी नाही. येणारही नाही. पुढच्या वर्षी बांधणार आहेत, बांधले तर. मावशींनी विचारलं ते मला ऐकूच आलं नव्हतं. माझ्या घरी नळाला पाणी आलं होतं, दहा दिवसांनी. आई आतून विचारत होती, आलं का म्हणून. मी आईला सांगितलं, आलंय. तुम्हाला नाही सांगितलं, बाबा. आईला सांगितलं.”

नीरजा शिव्यांची वाट पाहत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग, भरून घेतलं का?” त्यानं विचारलं.

“काय?”

“पानी. घरातलं.”

“हो,” नीरजा म्हणाली. “घेतलं.”

“बरं केलं. म्हातारी मानसं घरात आसली म्हंजी हाल व्हत्यात.” त्याच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता. तो काठीवर जोर देऊन उठला आणि आडव्या पडलेल्या मेंढरांपाशी गेला. एकेकीचा कान धरून, पाठीवर थाप मारून, जिभेनं टक्‌टक् करत उठवू लागला. जी उठत होती तिला पुढं लोटत होता, जी उठत नव्हती तिच्यापाशी जरा थांबून, मग पुढच्या मेंढीकडं सरकत होता. नीरजाही खाली बसून एकीला उचलायला लागली. जड होती मेंढी, तिला पेलवेना.

“ती ऱ्हाऊ दे,” कडुबा म्हणाला. “गेली ती.”

कुंभेफळचा हौद, चार हिरव्यांतला एक, साडेतीन किलोमीटर होता. नीरजा स्कूटी हातानं ढकलत पुढं चालली, मागून मेंढरं, सगळ्यांत मागं कडुबा. फलकाजवळ अकरा मेंढ्या मागं राहिल्या होत्या. वाटेत म्हाताऱ्यानं दोनदा हाक मारून विचारलं, हौदात खरंच पाणी हाय ना, सोताच्या डोळ्यानं बघितलं का. नीरजा दोन्ही वेळा थांबली आणि मागं वळून म्हणाली, नाही बाबा, आज नाही बघितलं, सोमवारी भरलाय असं नुसतं ऐकलंय.